आपद्ग्रस्त प्रवाशांचे साहाय्य : सोनगीर व खानदेशचा राजमार्ग

परक्या मुलखात आजार, अपघात, लूट, अटक, युद्ध किंवा द्रव्यनाश यांमुळे असहाय झालेल्या प्रवाशास तेथील सत्तेकडून, समाजाकडून अथवा त्याच्या स्वतःच्या देशाच्या प्रतिनिधींकडून मिळणारी मदत. आज या विषयाचा विचार मुख्यतः पारपत्र, वकिलात आणि आंतरराष्ट्रीय करार यांच्या संदर्भात होतो. तथापि या व्यवस्थेमागील मूळ प्रश्न फार जुना आहे. प्रवासी हा आपल्या गावापासून, जातगोतापासून आणि ओळखीच्या माणसांपासून दूर असतो. त्याचे बरेवाईट झाल्यास त्याचा जाब कोणी कोणाला विचारावयाचा, हे ठरलेले नसेल, तर वाटेवरील दयाळू माणसाच्या मदतीपलीकडे त्याला आधार राहत नाही. दया ही मदतीची सुरुवात असते. परंतु जबाबदारी निश्चित झाल्याशिवाय ती टिकत नाही, असे या व्यवस्थेच्या इतिहासावरून दिसून येते. मुंबई–आग्रा मार्गावरील सोनगीर आणि त्याच्या भोवतीचा खानदेश या प्रदेशात या इतिहासाच्या बहुतेक अवस्था पाहावयास मिळतात.

सोनगीरचे स्थान : सोनगीर हे धुळे जिल्ह्याच्या धुळे तालुक्यातील गाव धुळे शहराच्या उत्तरेस सु. २० किमी. अंतरावर वसलेले आहे. गावालगतच्या डोंगरावर जुना किल्ला असून गाव तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. येथून आग्रा मार्ग नरडाण्यावरून उत्तरेकडे जातो, सावळदे येथे तापी ओलांडतो आणि शिरपूर, पळासनेर यांवरून सातपुड्याच्या घाटांतून माळव्यात शिरतो. पश्चिमेकडे चिमठाणे, दोंडाईचे यांवरून नंदुरबारकडे व पुढे गुजरातेत जाणारा रस्ता सोनगीरहूनच फुटतो. दक्षिण, माळवा आणि गुजरात या तीन प्रदेशांच्या वाटा जवळ येतात अशा ठिकाणी किल्ला असण्याचे कारण उघड आहे. वाटेवर नजर ठेवणे, जकात घेणे आणि वाटसरूंच्या तांड्यांना संरक्षण देणे किंवा ते नाकारणे, ही सर्व सत्ता अशा ठाण्यांच्या हाती असे. फारुकी सुलतानांनंतर अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला व खानदेश मोगल साम्राज्यात आला. १७५२ मध्ये निजामाबरोबर झालेल्या भालकीच्या तहाने या प्रदेशावर मराठ्यांचा अंमल बसला आणि १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. राज्ये बदलली, तरी वाट तीच राहिली.

येथे ‘परदेश’ या शब्दाचा जुना अर्थ ध्यानात घेणे आवश्यक आहे. आजच्या अर्थाची राष्ट्रांची सीमा तेव्हा नव्हती. तापीपलीकडचा किंवा नर्मदेपलीकडचा मुलूखही सामान्य माणसाला परदेशच वाटे. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या लोकांना महाराष्ट्रात ‘परदेशी’ म्हणत; खानदेशात हा शब्द आडनावाच्या रूपाने आजही आढळतो. म्हणून परदेशात संकटात सापडलेल्या प्रवाशाचा प्रश्न हा केवळ समुद्रापलीकडचा नाही.

मोगलकाल : खानदेशातून गेलेल्या यूरोपीय प्रवाशांच्या वृत्तान्तांत या प्रश्नाच्या दोन बाजू स्पष्ट दिसतात. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो हा १६१५ च्या ऑक्टोबरअखेर सुरतेहून निघाला आणि नंदुरबार, निमगूळ, शिंदखेडे, थाळनेर, चोपडे या मार्गाने नोव्हेंबरच्या मध्यास बऱ्हाणपुरास पोहोचला. ही वाट सोनगीरच्या उत्तरेस व पश्चिमेस काही कोसांवरून जाते. चोपड्यास त्याने गावात राहण्याचे नाकारून बाहेर तंबू ठोकले. तेव्हा डोंगरातील लुटारूंच्या भयामुळे बादशाही अधिकारी तीस स्वार आणि वीस बंदूकवाले घेऊन रात्रभर त्याच्या पहाऱ्यास उभा राहिला, असे रोने आपल्या रोजनिशीत नोंदविले आहे. पुढे बऱ्हाणपुरास रो तापाने आजारी पडला आणि तशाच अवस्थेत त्याला अजमेरपर्यंतचा प्रवास करावा लागला. त्याला मिळालेला पहारा ही त्या अधिकाऱ्याची केवळ मेहेरबानी नव्हती. आपल्या हद्दीत राजदूत लुटला गेला, तर दरबारात जाब आपल्यालाच द्यावा लागेल, हे तो जाणून होता.

याच काळात टॉमस कॉर्याट नावाचा दुसरा एक इंग्रज प्रवासी पायी भटकत हिंदुस्थानात आला होता. त्याच्याजवळ ना राजाचे पत्र होते, ना व्यापारी कंपनीची नोकरी. १६१६ मध्ये अजमेर येथे त्याने झरोक्यात बसलेल्या जहांगिरासमोर फार्सीत भाषण करून आपली गरज सांगितली आणि बादशहाने त्याला शंभर रुपये दिले. रो यावर रागावला. आपल्या देशाच्या माणसाने परक्या दरबारात याचना करणे हा राष्ट्राचा कमीपणा आहे, असे त्याचे म्हणणे होते. कॉर्याटजवळ त्या वेळी फारच थोडे पैसे उरले होते. राष्ट्राची प्रतिष्ठा जपणे हे वकिलाचे काम, की अडचणीतील देशबांधवाची सोय लावणे, हा वाद या प्रसंगात उघड झाला. पुढील तीन शतके जगातील वकिलातींत तो निरनिराळ्या रूपांनी चालू राहिला. कॉर्याट १६१७ च्या डिसेंबरात सुरतेस आजाराने मरण पावला.

मराठाकाल आणि गावाची जबाबदारी : वाटेवरील चोरीबद्दल गावाला सामुदायिकरीत्या जबाबदार धरण्याची पद्धत पश्चिम व मध्य हिंदुस्थानात दीर्घकाळ रूढ होती. वाटसरू लुटला गेला म्हणजे जागल्या व मागकरी चोरांच्या पावलांचा माग काढीत जात. माग आपल्या शिवेतून पुढे गेल्याचे गावाने दाखविले, तर जबाबदारी पुढच्या गावावर जाई. ज्या गावाच्या शिवेत माग थांबे, त्या गावाने चोर द्यावा किंवा नुकसान भरून द्यावे, असा दंडक होता. या पद्धतीत अन्यायाला जागा होती. गरीब गावांवर श्रीमंत व्यापाऱ्याच्या मालाचा भुर्दंड पडे. तरीही तिच्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट साधली जाई : अनोळखी वाटसरूच्या सुरक्षिततेत गावाचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला असे. सरकारी दस्तक किंवा राहदारीचा परवाना जवळ असलेल्या प्रवाशास पुढच्या ठाण्यापर्यंत बदरका, म्हणजे सोबतीचा पहारेकरी, मिळू शकत असे.

सातपुड्यातील व सह्याद्रीतील घाटांच्या रखवालीत भिल्ल नाईकांचा वाटा मोठा होता. घाटातून जाणाऱ्या मालावर त्यांना ठरावीक हक्क मिळत आणि त्याच्या बदल्यात वाट निर्धोक ठेवण्याची जोखीम ते पत्करीत. हा हक्क म्हणजे एका अर्थी प्रवासाच्या विम्याचा हप्ताच होता. हक्क बंद झाला की रखवालीही थांबे. त्यानंतर होणाऱ्या लुटीची नोंद मात्र कागदोपत्री केवळ ‘भिल्लांचे उपद्रव’ अशी होत असे. गुजरात व माळवा या बाजूंच्या वाटांवर चारण आणि भाट हे प्रवाशांचे जामीन म्हणून बरोबर जात. त्यांच्या संरक्षणाखालील माणसास कोणी हात लावल्यास ते स्वतःलाच इजा करून घेत. या ‘त्राग्या’चे पाप आपल्या माथी येईल या भीतीने लुटारूही मागे हटत. शस्त्रबळाऐवजी लोकांच्या श्रद्धेवर उभे असलेले हे संरक्षण होते.

पैशाच्या अडचणीवर हुंडी हा उपाय होता. रोख रक्कम जवळ न बाळगता एका गावच्या सावकाराकडे ती भरावयाची आणि परगावच्या त्याच्या आडत्याकडून उचलावयाची, या सोयीमुळे लूट झाली तरी प्रवासी सर्वस्वी निर्धन होत नसे. यात्रेकरूंना तीर्थोपाध्यायांचा आधार असे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया या क्षेत्रांतील उपाध्यायांजवळ गावोगावच्या यजमानांच्या पिढ्यांची नोंद असलेल्या वह्या होत्या. आपले गाव, कूळ आणि आजोबांचे नाव सांगता आले की परक्या ठिकाणी माणसाची ओळख पटे. मग राहण्याची सोय, औषधपाणी, प्रसंगी उसने पैसे आणि मृत्यू ओढवल्यास अंत्यविधी एवढे सर्व त्या ओळखीच्या बळावर होऊ शके. प्राचीन ग्रीक नगरराज्यांत ‘प्रॉक्सेनॉस’ या नावाचा नागरिक परक्या नगरातून आलेल्या लोकांचा पाठीराखा म्हणून काम करीत असे. तो स्वतः यजमान नगराचाच रहिवासी असे. तीर्थोपाध्यायांची व्यवस्था राजकीय नसून धार्मिक व व्यावसायिक होती. तरीही परक्याच्या वतीने स्थानिक माणसाने उभे राहणे, हे तत्त्व दोहोंत समान आहे. अर्थात ज्याचे कूळ त्या वह्यांत नोंदले जात नसे, त्याला हा आधार नव्हता. कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींच्या प्रवाशांना धर्मशाळेत आणि विहिरीवरही मज्जाव होत असे, ही या जुन्या व्यवस्थेची मोठी उणीव होय.

आणीबाणीच्या काळात अशा ओळखींचे महत्त्व किती असते, याचे मराठीतील उत्तम साधन म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा माझा प्रवास हा ग्रंथ. पेणजवळच्या वरसई गावचे हे भिक्षुक कर्जफेडीसाठी द्रव्य मिळवावे या हेतूने आपल्या चुलत्यासह १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि उठावाच्या वणव्यात सापडले. १८५८ मध्ये झाशीच्या वेढ्यात ते प्रत्यक्ष शहरात होते. लूट, उपासमार आणि पळापळ यांतून ते निभावले ते मुख्यतः झाशी, ग्वाल्हेर इ. ठिकाणी स्थायिक झालेल्या दक्षिणी कुटुंबांच्या आश्रयामुळे. परत आल्यावर त्यांनी लिहून ठेवलेला हा वृत्तान्त चिंतामणराव वैद्य यांच्या संपादनाने १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. युद्धात अडकलेल्या प्रवाशास आपल्या भाषेच्या वस्तीचा आधार शोधावा लागतो, हा त्यातील अनुभव पुढील काळातील अनेक प्रसंगांना लागू पडतो.

व्यवस्थेचा ऱ्हास आणि ठगी : एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी खानदेशातील ही सर्व वीण उसवली. १८०२ पासूनच्या होळकरांच्या स्वाऱ्या, १८०३-०४ चा दुष्काळ आणि त्यानंतरची पेंढाऱ्यांची लुटालूट यांमुळे अनेक गावे ओस पडली. गावच उठून गेल्यावर शिवेतील चोरीचा जाब विचारावयाचा कोणाला, हा प्रश्न उरला. घाटांतील नाईकांचे हक्क थकले व रखवालीही संपली. अशा उजाड वाटा ठगांना सोयीच्या होत्या. ठगांची पद्धत वाटमाऱ्यांहून वेगळी होती. ते सोबती म्हणून प्रवाशांत मिसळत, त्यांचा विश्वास संपादन करीत आणि गाठ पडलेल्यांना गळफास देऊन प्रेते पुरून टाकीत. घरापासून दूर आलेला, स्थानिक ओळख नसलेला प्रवासी हे त्यांचे नेहमीचे भक्ष्य होते. रजेवर निघालेला शिपाई, ऐवज नेणारा सावकारांचा माणूस किंवा एकटा यात्रेकरू वाटेत नाहीसा झाला, तर त्याच्या घरी ते कळण्यास कित्येक महिने लागत, आणि तो नेमका कोठे नाहीसा झाला हे बहुधा कधीच समजत नसे. ज्याच्या नाहीसे होण्याचा जाब विचारणारे कोणी जवळपास नाही, तोच सर्वांत असुरक्षित, हे सत्य ठगीच्या इतिहासातून फार क्रूरपणे प्रकट होते.

१८१८ मध्ये खानदेशचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्झ याच्याकडे सोपविण्यात आला व धुळे हे मुख्य ठाणे झाले. केवळ फौजेच्या बळावर वाटा मोकळ्या होत नाहीत, असा अनुभव आल्यावर भिल्ल नाईकांचे थकलेले हक्क मान्य करणे, तनखे देणे आणि जमीन कसण्यास मदत करणे असे उपाय योजण्यात आले. १८२५ मध्ये जेम्स उट्रम याने भिल्लांची पलटण उभारली; तिचे ठाणे धरणगाव येथे होते. वाटांचे जुने रखवालदार अशा रीतीने नव्या सत्तेचे शिपाई बनले. ठगीच्या निर्मूलनासाठी १८३५ मध्ये विल्यम स्लीमन याची प्रमुख अधीक्षक म्हणून नेमणूक झाली आणि पुढील वर्षी स्वतंत्र कायदा करण्यात आला. गुन्हा कोणत्याही संस्थानाच्या हद्दीत घडलेला असो, त्याची चौकशी एकाच यंत्रणेने करावी, हे त्यातील नवे तत्त्व होते. त्याने वाटा पुष्कळशा सुरक्षित झाल्या. परंतु या तत्त्वाच्या जोरावर विशिष्ट समूहांना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची प्रवृत्तीही वाढली व तिचे पर्यवसान १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात झाले.

आगगाडी, तार आणि समुद्रप्रवास : १८६० नंतरच्या दशकात भुसावळमार्गे आगगाडी सुरू झाली. १९०० च्या सुमारास चाळीसगाव–धुळे फाटा व तापी खोऱ्यातील सुरत–भुसावळ लोहमार्ग पूर्ण झाले. आग्रा मार्गावरील लांब पल्ल्याची वर्दळ आगगाडीकडे वळली. तारेमुळे संकटाची वार्ता घरी कळविणे काही तासांचे काम झाले आणि १८८० मध्ये सुरू झालेल्या टपालाच्या मनीऑर्डरने सामान्य माणसाला हुंडीचा पर्याय दिला. संकट आणि मदत यांमधील काळ प्रथमच एवढा कमी झाला.

त्याच सुमारास मुंबई बंदरातून परदेशी जाणाऱ्यांची संख्या वाढली आणि जुनाच प्रश्न समुद्रापलीकडे गेला. हज यात्रेस जाणारे गरीब यात्रेकरू परतीच्या भाड्याअभावी जिद्देस अडकून पडत. रोगराई, दलालांची फसवणूक आणि वाटेवरील लूट यांचाही त्यांना जाच होई. यात्रेची व्यवस्था सुधारण्यासाठी सरकारने १८८६ मध्ये टॉमस कुक या प्रवासी कंपनीस काम सोपविले. परंतु काही वर्षांतच ती योजना सोडून द्यावी लागली. जिद्द येथील ब्रिटिश वाणिज्य दूतावासात हिंदी यात्रेकरूंची विचारपूस करण्यासाठी नेमलेले उपवाणिज्यदूत डॉ. अब्दुर रझाक यांची १८९५ मध्ये हत्या झाली. परदेशात आपल्या लोकांना मदत करणाऱ्याचे काम किती जोखमीचे असू शकते, हे यावरून ध्यानात येते. इंग्लंडमध्ये जहाजांवरील खलाशी, त्यांत कोकणातील लोकही असत, नोकरी सुटल्यावर लंडनच्या गोदी परिसरात निराधार होत. त्यांच्यासाठी १८५७ मध्ये लाइमहाउस येथे आशियाई व इतर परदेशी खलाशांचे वसतिगृह उघडण्यात आले. मालकांनी सोडून दिलेल्या हिंदी आयांसाठीही लंडनमध्ये निवारागृह होते. या संस्था मुख्यतः धर्मादाय होत्या. सरकार आपली जबाबदारी मान्य करण्यास नाखूष असे. १८८३ मध्ये अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशी यांना आधार मिळाला तोही न्यू जर्सीतील कार्पेंटर कुटुंबाचा. तो व्यक्तिगत स्नेहाचा होता, हक्काचा नव्हता.

पारपत्र आणि वाणिज्यदूत : पहिल्या महायुद्धापूर्वी बहुतेक देशांत पारपत्रावाचून प्रवास करता येत असे. युद्धकाळात ही मुभा संपली. हिंदुस्थानात १९२० मध्ये प्रवेशासंबंधीचा पारपत्र कायदा झाला; स्वतंत्र भारताचा सध्या लागू असलेला पारपत्र अधिनियम १९६७ चा आहे. पारपत्र हे केवळ ओळखीचे साधन नाही. धारकास विनाअडथळा जाऊ द्यावे आणि गरज पडेल तेव्हा साहाय्य व संरक्षण द्यावे, अशी विनंती भारताच्या राष्ट्रपतींच्या नावे त्यात केलेली असते. या दृष्टीने ते जुन्या दस्तकाचेच वंशज होय. फरक असा की दस्तक मोजक्या लोकांना मिळे. पारपत्र मात्र सामान्य नागरिकासही मिळते. रो आणि कॉर्याट यांच्यातील अंतर त्याने तत्त्वतः तरी पुसून टाकले.

२४ एप्रिल १९६३ रोजी व्हिएन्ना येथे संमत झालेला वाणिज्यदूतीय संबंधांविषयीचा करार हा या व्यवस्थेचा आज पाया आहे. तो १९६७ मध्ये अंमलात आला व भारत त्यात १९७७ मध्ये सामील झाला. आपल्या नागरिकांना मदत व साहाय्य करणे, हे वाणिज्यदूताचे कार्य म्हणून त्याच्या पाचव्या अनुच्छेदात नमूद आहे. परदेशी व्यक्तीस अटक झाल्यास तिला आपल्या वाणिज्यदूताशी संपर्क साधण्याचा हक्क आहे हे विनाविलंब सांगावे, तिने मागणी केल्यास त्याला कळवावे आणि त्याला तिची भेट घेऊ द्यावी, अशी तरतूद छत्तिसाव्या अनुच्छेदात आहे. या तरतुदीचे महत्त्व महाराष्ट्राच्या परिचयाच्या एका खटल्यात दिसून आले. माजी नौदल अधिकारी कुलभूषण जाधव यांच्या अटकेची घोषणा पाकिस्तानने मार्च २०१६ मध्ये केली आणि एप्रिल २०१७ मध्ये त्यांना लष्करी न्यायालयाने देहदंड सुनावल्याचे जाहीर केले. त्यांच्यावरील हेरगिरीचा आरोप भारताने अमान्य केला व हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. १७ जुलै २०१९ च्या निर्णयात न्यायालयाने पाकिस्तानने छत्तिसाव्या अनुच्छेदाचा भंग केल्याचे ठरविले, वाणिज्यदूतास भेट देण्याचा आदेश दिला आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करण्यास सांगितले. सुटकेचा आदेश मात्र दिला नाही. या निर्णयातून हक्काचे बळ आणि त्याची मर्यादा ही दोन्ही स्पष्ट होतात.

वाणिज्यदूताच्या साहाय्याचे स्वरूप : परदेशात पारपत्र हरवल्यास किंवा चोरीस गेल्यास प्रवाशाने प्रथम तेथील पोलिसांत तक्रार नोंदवावयाची व तिची प्रत घेऊन नजीकच्या भारतीय वकिलातीत किंवा वाणिज्य दूतावासात जावयाचे असते. तेथे ओळखीची व नागरिकत्वाची खातरजमा झाल्यावर नवे पारपत्र किंवा केवळ भारतात परतण्यासाठी चालणारे आणीबाणीचे प्रमाणपत्र मिळते. पारपत्राची प्रत मूळ कागदाहून वेगळ्या ठिकाणी ठेवलेली असल्यास हे काम पुष्कळ सुकर होते. वाणिज्यदूत आप्तांना वार्ता कळवू शकतो, स्थानिक वकील व डॉक्टर यांची माहिती देऊ शकतो, तुरुंगातील नागरिकाची भेट घेऊ शकतो आणि मृत्यू झाल्यास मृतदेह मायदेशी आणण्यासाठी लागणारे कागदपत्र पुरे करून देतो. स्थानिक कायद्यातून सूट मिळवून देणे, खटल्यात हस्तक्षेप करणे किंवा प्रवाशाची सर्व देणी भागविणे, ही त्याची कामे नव्हेत. अगदी निराधार झालेल्यांसाठी भारत सरकारने २००९ मध्ये भारतीय समुदाय कल्याण निधी स्थापन केला. त्यातून गरजूंना तात्पुरता निवारा, तातडीचे उपचार व परतीचे भाडे यांसाठी मदत करता येते. परदेशातून तक्रारी नोंदविण्यासाठी ‘मदद’ ही संगणकीय सेवा २०१५ मध्ये सुरू झाली. प्रवासी विमा हा यांपैकी कशाचाही पर्याय नाही. परंतु रुग्णालयाच्या खर्चापुरता तोच खरा आधार ठरतो.

एकाच वेळी हजारो लोक अडकतात, तेव्हा हे साहाय्य राज्यसंस्थेच्या पातळीवर करावे लागते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत व्यापल्यावर तेथील भारतीयांची सुटका करण्यासाठी जॉर्डनमधील अम्मान येथून सु. दोन महिन्यांत ४८८ विमानफेऱ्यांनी १ लाख ११ हजारांवर लोक परत आणण्यात आले. २०१५ मध्ये येमेनमधून सु. ४,६४० भारतीयांबरोबर इतर देशांच्या ९६० नागरिकांचीही सुटका भारताने केली. २०२२ मध्ये युक्रेनमधून सु. २२,५०० भारतीय परतले. त्यांत मुख्यतः वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी असून महाराष्ट्रातील तरुणांचाही समावेश होता. युक्रेनमधील विद्यार्थ्यांना विमान मिळाले ते शेजारच्या देशांत पोहोचल्यावर. सीमेपर्यंतची वाट अनेकांनी टोळ्याटोळ्यांनी, एकमेकांच्या सोबतीने व काही ठिकाणी पायी काटली. विमानफेऱ्यांच्या या युगातही सोबत आणि ओळखीची भाषा यांचे मोल गोडसेभटजींच्या काळाइतकेच राहिले.

आणीबाणीचे दूरध्वनी : संकटात सापडलेल्या अनोळखी माणसाला स्थानिक पत्ता ठाऊक नसला तरी मदत मागता यावी, यासाठी एकच सोपा क्रमांक असावा ही कल्पना १९३७ मध्ये लंडनमध्ये ९९९ या क्रमांकाने प्रथम अंमलात आली. अमेरिकेत १९६८ मध्ये ९११ हा क्रमांक सुरू झाला. यूरोपीय देशांसाठी ११२ हा सामाईक क्रमांक १९९१ मध्ये ठरविण्यात आला आणि भारतातही आता तोच आहे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकाची सेवा २०१४ पासून चालू आहे. राष्ट्रीय महामार्गांवरील मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. भारतात आलेल्या परदेशी व देशी पर्यटकांसाठी १३६३ हा क्रमांक असून त्यावर हिंदी व इंग्रजी यांखेरीज दहा परदेशी भाषांत माहिती मिळते. चोपड्याच्या रात्री तीस स्वारांनी जे काम केले, त्याचा काही अंश आता हे क्रमांक करतात. त्यासाठी कोणा राजाचे पत्र दाखवावे लागत नाही.

सोनगीरची आजची वाट : पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्र. ३ या नावाने ओळखला जाणारा आग्रा मार्ग धुळ्याच्या उत्तरेस आता राष्ट्रीय महामार्ग क्र. ५२ चा भाग आहे. मोटारवाहतुकीमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओसरलेली वर्दळ या वाटेवर पुन्हा आली. देशाच्या निरनिराळ्या भागांतील मालमोटारी सोनगीरवरून जातात. वाटमारीचे भय बहुतांशी गेले. त्याची जागा अपघाताने घेतली. दूरच्या राज्यातील चालक रात्री या रस्त्यावर जखमी होतो, तेव्हा त्याची भाषा भोवतालच्या अहिराणी बोलणाऱ्या माणसांना समजतेच असे नाही. त्याच्यापाशी प्रथम पोहोचतो तो बहुधा जवळच्या शेतातील, धाब्यावरील किंवा गावातील माणूस. जुन्या व्यवस्थेत वाटसरूला मदत न करण्यात गावाचा तोटा होता. नव्या व्यवस्थेत कित्येक वर्षे उलट स्थिती होती : मदत करणाऱ्यालाच पोलिसांचे जाबजबाब, रुग्णालयातील अडवणूक व न्यायालयाचे हेलपाटे यांची धास्ती वाटे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशा मदतनीसांच्या संरक्षणासाठी आखलेल्या मार्गदर्शक तत्त्वांना बंधनकारक स्वरूप दिले. पुढे मोटारवाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने सद्हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येणार नाही, आणि त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येणार नाही, असे ठरविले.

माग काढणारा जागल्या, घाटाचा नाईक, जामीन राहणारा चारण, वहीत कूळ शोधणारा उपाध्याय, जिद्देचा उपवाणिज्यदूत आणि महामार्गावर जखमीला उचलणारा शेतकरी या सर्वांचे कार्य मूलतः एकच आहे. परक्या माणसाला त्या ठिकाणापुरते कोणाचा तरी करून घेणे, हे ते कार्य होय. त्याला कायद्याचे पाठबळ मिळाले तेव्हा वाटा नांदत्या राहिल्या आणि ते सुटले तेव्हा त्या ओस पडल्या, असे खानदेशच्या या राजमार्गाचा चार शतकांचा इतिहास सांगतो.